नावनिशी राखणारी जनी : गंगाखेडच्या जनाबाईचे ऐतिहासिक स्मरण

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात ‘चौऱ्यांशीचा लेख’ या नावाने ओळखला जाणारा एक शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या अवधीत ज्यांनी मंदिरास देणग्या दिल्या त्यांची नावे त्यात कोरलेली आहेत. देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव व त्याचा करणाधिप हेमाद्री यांचाही उल्लेख त्यात येतो. या शिळेस पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत झाल्यामुळे तीवरील अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या झिजत आली. संशोधकांच्या दृष्टीने ही हळहळ करण्यासारखीच गोष्ट होय. असो. इतिहासाचे साधन म्हणून त्या लेखाचे मोल मोठे आहे. परंतु ज्याने द्रव्य दिले त्याचेच नाव दगडावर चढावे, हा अशा लेखांचा स्वभावच आहे.

त्याच सुमारास, त्याच गावी, दामाशेटी नावाच्या शिंप्याच्या घरी दळणकांडण करणारी एक दासी राहत होती. मंदिरास देण्यासारखे तिच्यापाशी काहीही नव्हते. परंतु नावनिशी तिनेही करून ठेविली. ज्या घरात ती राबली त्या घराची, आणि ज्या संतमेळ्यात ती वावरली त्या मेळ्याची. ही दासी म्हणजे गंगाखेडची जनाबाई होय. तिच्या भक्तीविषयी व काव्यगुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार एका निराळ्या बाजूने करावयाचा आहे. आपल्या कुटुंबाची व समाजाची आठवण राखणारी व्यक्ती या नात्याने जनाबाईचे स्थान कोणते, आणि तिची आठवण पुढे कोणी व कशी राखली, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

गंगाखेड हे गोदावरीच्या काठचे गाव परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. दमा व करुंड या नावाच्या दांपत्याच्या पोटी जनाबाईचा जन्म येथे झाला आणि लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटीच्या आश्रयास आली, असे परंपरा सांगते. तिच्या जातीविषयी परंपरा एकवाक्य नाहीत. ती शूद्र म्हणविल्या गेलेल्या वर्गातील होती, एवढे मात्र सर्वांस मान्य आहे. दामाशेटीचे मूळ घराणे नरसी-बामणीचे, असे मानणारा एक प्रबळ पक्ष आहे. ही नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. नामदेवाचा गुरू विसोबा खेचर याचे नाव ज्या औंढा नागनाथाशी जोडले जाते, ते क्षेत्रही त्याच प्रदेशातले. नकाशा पुढे ठेवला म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. गोदावरीकाठची एक पोरकी पोर भीमेच्या काठी एका शिंप्याच्या घरी कशी पोचली, हा प्रश्न केवळ चमत्कारकथेवर सोपविण्याचे कारण उरत नाही. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेलेल्या माणसांचे जुन्या मुलखाशी सोयरसंबंध, येणेजाणे व विश्वास टिकून असतात, आणि वारीच्या वाटेने ते विशेष टिकतात.

जनाबाईच्या नावावर सुमारे ३५० अभंग छापले गेले आहेत. त्यांची स्वतंत्र जुनी पोथी अशी नाही. नामदेवाच्या गाथेच्या पोटात ते आपल्यापर्यंत आले. त्यांत ‘नामयाची दासी’, ‘दासी जनी’, ‘जनी म्हणे’ अशा निरनिराळ्या मुद्रा आढळतात. सर्वच अभंग एका हातचे असतील असे कोणी अभ्यासक आज म्हणणार नाही. भाषा तर गाणारांच्या मुखी पुष्कळच पालटलेली आहे. तेव्हा पुढील विवेचनात ‘जनी म्हणते’ असे जेथे म्हटले आहे, तेथे ‘जनीच्या नावाने परंपरेने जतन केलेली रचना म्हणते’ असा अर्थ वाचकांनी घ्यावा. त्याने आमच्या मुद्द्यास बाध येत नाही. किंबहुना एखादी रचना लोकांनी जनीच्याच तोंडी का घातली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

या अभंगांत एक अगदी साधा, काव्यदृष्ट्या कोणी उचलून धरणार नाही असा अभंग आहे. त्यात नामदेवाच्या घरातील माणसांची नावे ओळीने सांगितली आहेत. गोणाई आणि राजाई या सासूसुना. दामा आणि नामा हे बापलेक. नारा, विठा, गोंदा व महादा हे नामदेवाचे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना. लिंबाई ही लेक आणि आऊबाई ही बहीण. शेवटी, वेडीभोळी म्हणून, त्या घरची दासी जनी. मोजून पंधरा माणसे झाली.

नामदेवाच्या कुटुंबाविषयी आपण जे काही निश्चयाने बोलतो ते बहुतांशी या नावनिशीच्या आधारावर. मध्ययुगीन महाराष्ट्रातील किती शिंप्यांच्या, माळ्यांच्या वा कुंभारांच्या घरातील सुनांची नावे आपणांस ठाऊक आहेत? राजघराण्यातील स्त्रियांची नावेदेखील ताम्रपटांत क्वचितच सापडतात. येथे मात्र एका कारागिराच्या घरातील आठ स्त्रिया आपापल्या नावानिशी व नात्यानिशी उभ्या आहेत. नात्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. यादीचा आरंभ घराच्या कर्त्या पुरुषापासून झालेला नाही. तो सासूसुनेपासून झालेला आहे. ओसरीवर बसून घराकडे पाहणारा मनुष्य बापलेकांपासून मोजू लागेल. स्वयंपाकघरातून पाहणाऱ्याचा क्रम वेगळा असतो.

आमच्या मते या अभंगाचा उगम शोधावयाचा तर तो जात्यापाशी शोधावा. पंधरा माणसांचे दळण ज्या बाईला रोज पहाटे काढावयाचे असते, तिला घरात खाणारी तोंडे किती हे पाठच असावे लागते. कोणती सून माहेरी गेली, कोणाचे लेकरू आता भाकर खाऊ लागले, पाहुणा कोण आला, यांवर सुपात किती दाणे घ्यावयाचे ते ठरते. आज आपण ज्यास कुटुंबाचा वृत्तांत म्हणतो तो त्या घरात रोज धान्याच्या मापाने मोजला जात होता. आणि त्या घरची स्थिती तरी काय होती? गोणाईच्या व राजाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत नामदेव संसाराकडे पाहत नाही, घरात खावयास नाही, अशी गाऱ्हाणी स्पष्ट शब्दांत आलेली आहेत. घरधनी कीर्तनात दंग, त्यातून तीर्थयात्रेचे योग. अशा घराचा गाडा ज्यांच्या हातांनी ओढला त्यांत या दासीचे हात होते, हे वारकरी परंपरेने कधी लपविलेले नाही.

जनीने स्वतःला यादीच्या शेवटी ठेविले, परंतु यादीबाहेर ठेविले नाही. ही गोष्ट लहान नव्हे. आपले आईबाप गेले, आता विठ्ठला तूच सांभाळ, असे सांगणारा तिचा अभंग प्रसिद्ध आहे. रक्ताचे कोणी न उरलेल्या मुलीला नात्यांच्या जाळ्यात स्वतःची जागा स्वतःच करून घ्यावी लागते. नामदेवाच्या जन्माचा अभंग या दृष्टीने वाचावा. गोणाईने पुत्रासाठी नवस केला, मूल झाले, दामाशेटीस हर्ष झाला, आणि त्या बाळाला ओवाळिले ते दासी जनीने. बाळाला ओवाळण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, बहिणीचा, घरच्या सुवासिनीचा. तो मान येथे दासीने घेतला आहे आणि घेतल्याचे नमूदही केले आहे. त्या घराने तो तिला खरोखर दिला होता काय, हे कोणास सांगता येणार नाही. परंतु त्या घराच्या गाथेने तो पुसून टाकलेला नाही, एवढे तर दिसतेच.

आता दुसरी नावनिशी पाहू. ही घराची नव्हे, संतमेळ्याची आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची ही यादी. ज्ञानदेवाचे शब्द चिदानंदबाबाने लिहिले, निवृत्तीचे बोल सोपानाने, मुक्ताईची वचने ज्ञानदेवाने, चांगदेवाचा लेखक शामा कासार, सावता माळ्याचा काशिबा गुरव, कूर्मदासाचा वसुदेव, चोखामेळ्याचा अनंतभट्ट. आणि जनीचा? जनीचा लेखक खुद्द पांडुरंग.

या यादीतील पहिल्या नावाची पडताळणी अन्य मार्गाने करता येते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या वर्षाचा उल्लेख करणारी जी प्रसिद्ध समाप्ती आहे तीत सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाल्याचे म्हटले आहे. म्हणजे यादी निदान एका ठिकाणी लिखित परंपरेशी जुळते. बाकीच्या नावांना असा दुसरा आधार मिळत नाही. तरीही त्यांतून एक व्यवहार स्वच्छ दिसतो. संत बोलत आणि दुसरा कोणी लिहून घेई. बोलणारा माळी असेल तर लिहिणारा गुरव. बोलणारा महार असेल तर लिहिणारा भट्ट. चोखोबाला देवळाची पायरी ओलांडण्याची मोकळीक नव्हती. त्याचे शब्द टिपण्यासाठी अनंतभट्ट नावाचा ब्राह्मण लेखणी घेऊन बसला, ही वार्ता जनीने जपून ठेवावी यात नवल नाही. आपल्या मंडळींत कोणी कोणासाठी काय केले, याची जाण तिला होती.

शेवटच्या ओळीचा अर्थ आजवर बहुधा भक्तिपर लावला गेला. देव तिचा लेखकू झाला, हा तिच्या भक्तीचा गौरव. तो अर्थ आहेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने यादी वरून खालपर्यंत वाचावी आणि मग त्या ओळीवर थांबावे. सर्वांना कोणी ना कोणी माणूस मिळाला. भावाने भावाचे लिहिले, भावाने बहिणीचे लिहिले. दासीचे लिहून घेण्यास माणूस नव्हता. कीर्तनाच्या रंगात बोललेले शब्द टिपणारा मिळतो. पहाटेच्या अंधारात, खुंटा हाती धरून जे बोलले जाते ते टिपावयास कोण येणार? तिने हे कोणालाही दूषण न देता सांगितले आहे, म्हणूनच ते ऐकणाऱ्यास लागते.

येथे महानुभाव पंथातील महदंबेची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘धवळे’ रचणारी महदंबा ही जनाबाईच्या थोडी आधीची. तीही स्त्री, तीही विवाहसंसाराबाहेरची. परंतु तिच्यामागे एक संघटित पंथ होता. त्या पंथाला ग्रंथरचनेची आवड होती, गुरूचे व शिष्यांचे प्रसंग टिपून ठेवण्याची शिस्त होती आणि पुढे तर पोथ्या सांकेतिक लिपीत जपण्याची दक्षताही आली. महदंबेचे प्रश्न, तिचा स्वभाव, तिची उत्तरे हे सारे आपणांस त्यामुळे ठाऊक आहे. जनीमागे असा पंथाचा दप्तरखाना नव्हता.

तिसरी रचना सर्वांच्या मुखी आहे. तिला नावनिशी म्हणणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. विठ्ठलाला लेकुरवाळा म्हणणारा तो अभंग. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे चाललेला, मुक्ताई मागून येत असलेली. गोरा कुंभार मांडीवर, चोखा जिवाजवळ, बंका कडेवर आणि नामदेवाने करंगळी धरलेली. लेकुरवाळी हा शब्द आपण बाईला लावतो. अंगाखांद्यावर पोरे घेऊन यात्रेत चाललेली बाई पंढरीच्या वाटेवर जनीने कितीदा पाहिली असेल. ते चित्र तिने विठ्ठलाला लावले आणि त्या एका चित्रात वाळीत टाकलेल्या संन्याशाची चार पोरे, कुंभार, महार आणि शिंपी यांना सख्खी भावंडे करून टाकले. बंका हा चोखोबाचा मेहुणा. म्हणजे नात्यांचा तपशील येथेही सुटलेला नाही. या पोरांत जनी स्वतः कोठेही नाही. ती बाजूला उभी राहून सोहळा पाहते आहे, कोण कोठे आहे ते सांगते आहे. घरातील लेकरे मोजणारी व्यक्ती मोजणीत स्वतःला धरीत नाही, हे आपण आपापल्या घरी पाहतोच.

मौखिक परंपरेतील अशा याद्यांना पुराव्याचा दर्जा द्यावा काय, याविषयी इतिहासकार दीर्घकाळ साशंक होते. आफ्रिकेतील कुबा व रुआंडा येथील परंपरांचा अभ्यास करणाऱ्या यान व्हान्सिना या बेल्जियन पंडिताने १९६१ साली मौखिक परंपरेवरील आपला फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही साशंकता पुष्कळ कमी झाली. परंपरा कोणी जपली, कोणत्या प्रसंगी म्हटली आणि ती जपण्यात जपणाराचा कोणता हितसंबंध होता, हे प्रश्न विचारल्यावर ती लेखी कागदाइतकीच तपासता येते, असे त्याचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. जनीच्या नावनिशींना ही कसोटी लावून पाहावी. घरातील सुनांची नावे खोटी रचून कोणास काय मिळणार होते? त्या नावांवर वतन नव्हते, वाद नव्हता, मानपान नव्हता. इतक्या निरुपयोगी गोष्टी लोक सहसा बनवून सांगत नाहीत.

अठराव्या शतकात ताहाराबादच्या महिपतीने शके १६८४, म्हणजे १७६२ साली, ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि जनाबाईचे चरित्र महाराष्ट्रभर कथारूपाने पसरले. महिपतीने दिलेल्या प्रसंगांपैकी पदकाचा प्रसंग विशेष विचार करण्यासारखा आहे. विठ्ठल रात्री जनीकडे आला, तिच्याबरोबर दळू लागला, आणि पहाटे घाईने निघताना आपले पदक तेथे विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या गळ्यात पदक नाही असे पाहून शोधाशोध झाली, ते जनीकडे सापडले, आणि चोरीचा आळ घेऊन तिला सुळी देण्यास नेले. सुळाचे पाणी झाले, असा कथेचा शेवट आहे.

सुळाचे पाणी झाले की नाही, हा आमचा विषय नव्हे. परंतु दागिना नाहीसा झाल्याबरोबर प्रथम कोणाच्या खोपटाकडे माणसे धावतात, हे या कथेने बिनचूक सांगितले आहे. घरकाम करणाऱ्या बाईवर आळ घेण्यास पुरावा लागत नाही. ती तेथे होती एवढे पुरते. महिपतीचे श्रोते हे ओळखत होते, म्हणूनच कथा त्यांना पटली. याच कथासमूहातील कबीर व जनी यांची भेट मात्र कालदृष्ट्या संभवत नाही. कबीर पंधराव्या शतकातला. गोवऱ्यांवरून दोन बायकांचे भांडण चालले होते, आणि ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी, असे जनीने सांगितले, ही ती गोष्ट. कबीर वगळला तरी गोवऱ्यांचे भांडण शिल्लक राहते, आणि ते कोणत्याही शतकातले असू शकते.

येथवर जनीने इतरांची आठवण राखली त्याविषयी झाले. तिची आठवण मात्र महिपतीपूर्वीपासून आणि महिपतीखेरीज, दुसऱ्याच ठिकाणी राखली जात होती. मराठवाड्यातील व एकंदर महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांत जनी ठायी ठायी भेटते. दळण सुरू करताना देवाला हाक मारावयाची, आणि जनीला दळू लागणारा देव मलाही दळू लागो असे म्हणावयाचे, हा त्या ओव्यांचा एक जुना भाव आहे. पण तेवढ्यावर त्या थांबत नाहीत. विठ्ठल जनीकडे वारंवार जातो म्हणून रुक्मिणी रुसते, जनीला बोल लावते, विठ्ठलाला जाब विचारते, अशा ओव्यांची संख्या मोठी आहे. शास्त्रीबुवांना हा भाग थोडा अडचणीचा वाटतो. परंतु ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांना तो कधीही अडचणीचा वाटला नाही. घरात दुसरी बाई आली म्हणजे घरधनिणीच्या मनात काय येते आणि त्या दुसऱ्या बाईची स्थिती काय होते, हे बोलावयास त्यांना देवाचे घर बरे सापडले. काही ओव्यांत रुक्मिणीची बाजू घेतलेली असते, काहींत जनीची.

या ओव्यांनी जनीचे संतपण फारसे वाढविले नाही हे विशेष आहे. त्यांत तिचे केस विंचरलेले असतात, तिच्या गोवऱ्या वेचलेल्या असतात, तिची वाकळ असते, तिचे जाते असते. चमत्कार घडतो तोही कामाच्या आत घडतो. ज्या स्त्रियांनी या ओव्या म्हटल्या त्यांना पंढरीस जाण्यास सवड मिळतच असे असे नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी या मार्गाने पंढरपुरास जाते. गंगाखेडहूनही जनाबाईच्या नावाने मंडळी निघतात. ज्यांना बरोबर चालता येत नाही त्यांनी वाटेवर उभे राहावयाचे आणि घरी येऊन दळावयास बसावयाचे, ही रीत इकडे होती.

स्त्रियांच्या ओठांवरील हे वाङ्‌मय कागदावर आणण्याचे श्रेय अनेकांना आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’चा उल्लेख केलाच पाहिजे. डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील स्त्रियांनी रचलेल्या रामकथेच्या ओव्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी कार्यकर्त्या स्त्रियांच्या साह्याने एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील बऱ्याच गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस हे गाव त्या ध्वनिमुद्रणांत आहे. या संग्रहाची एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. प्रत्येक ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदविलेले आहे. जनीला न मिळालेला लेखकू तिच्या ओव्या गाणाऱ्यांना सुमारे साडेसहा शतकांनी असा मिळाला. दुर्दैवाने तो मिळेपर्यंत जाती कोपऱ्यात गेली होती. पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्याचे व कमरेचे दुखणे कमी झाले, ते योग्यच झाले. त्याबद्दल उसासे टाकण्याचा अधिकार ज्यांनी कधी जाते ओढले नाही त्यांना नाही. परंतु गिरणीच्या घरघरीत ओवी म्हणता येत नाही, हेही खरे.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईचे मंदिर आहे. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचा संसार म्हणून जाते व भांडी दाखवितात, आणि यात्रेस आलेल्या बायका ते जाते हाताने फिरवून पाहतात. वस्तूच्या प्राचीनत्वाविषयी पुराणवस्तुवेत्ते काय म्हणतील ते म्हणोत. त्या बायका जात्याच्या पाया पडून थांबत नाहीत, ते फिरवितात, एवढे आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आता तिच्या निधनाच्या तिथीचा प्रश्न राहिला. जनाबाईचे निधन शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीस, म्हणजे इ. स. १३५० मध्ये झाले असे सर्व चरित्रकार लिहितात. नामदेवाची तिथीही तीच. पंजाबातील परंपरा नामदेवाचा देह घुमान येथे ठेविला गेला असे मानते; गुरुग्रंथसाहेबात त्याची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि तिकडे त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. जनी मात्र त्याच्याबरोबर पंजाबात गेली नाही, ना त्या ग्रंथात, ना त्या स्मृतीत. महाराष्ट्रातील परंपरेप्रमाणे पंढरपूरच्या महाद्वारी, जेथे आज नामदेवाची पायरी दाखवितात तेथे, नामदेवासह घरातील चौदा माणसांनी समाधी घेतली, आणि जनी त्यांत होती.

नावनिशीत पंधरा माणसे होती हे वाचकांच्या स्मरणात असेल. पंधरावी व्यक्ती म्हणजे लाडाई, नामदेवाची सून. ती बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून मागे राहिली. तिच्या नावावर एक अभंग आहे. त्यात शक आहे, मास आहे, पक्ष व तिथी आहे, स्थळ आहे. सर्वांनी देह विठ्ठलास अर्पण केला आणि आपणांस मात्र का ठेविले, असा आक्रोश आहे. नामदेवाच्या व जनाबाईच्या निधनाची तिथी म्हणून आपण जी देतो, तिचा आधार हा लाडाईचा अभंग होय. घराची माणसे मोजून ठेवणारी दासी गेल्यावर तिच्याच यादीतील एका सुनेने गेलेल्यांची नोंद केली, आणि ती करताना तिच्या पोटात त्या घराचे पुढचे मूल होते.